उजव्या बुटाची तक्रार

"चालून बघू नका. पळा," व्हटकर म्हणाले. "चालायला सगळेच बूट बरे असतात."

जानेवारीतली सकाळ होती. गांधी मैदानावर धुकं होतं आणि पलीकडच्या कडेला दोन म्हातारे फेऱ्या मारत होते. व्हटकर गोलपोस्टजवळ पत्र्याच्या खुर्चीवर बसले होते. खुर्ची त्यांनी कारखान्याच्या टेंपोतून बरोबर आणली होती. मांडीवर वही, कानावर पेन्सिल. माझ्या पायात त्यांनी सात महिने खपून केलेला फुटबॉलचा बूट होता, आणि तो घालून पळणारा मी पहिला माणूस होतो.

मी समोरच्या गोलपोस्टपर्यंत पळालो, वळलो, परत आलो. मग चेंडू घेऊन तेच केलं.

कोल्हापूरची मैदानं डिसेंबरनंतर भाजलेल्या विटेसारखी होतात. बाजारात मिळणारे बूट हिरवळीसाठी केलेले असायचे, खाली सहा लांब स्टड. ते घालून खेळणं म्हणजे सहा खुंट्यांवर उभं राहून पळणं. संध्याकाळी मोजे काढले की तळपायावर सहा लाल ठसे दिसायचे. व्हटकरांनी सहाच्या जागी चौदा आखूड स्टड बसवले होते, पायाचं वजन जिथं पडतं त्या रेषेनं. बूट पुढं रुंद ठेवला होता, कारण लहानपणी अनवाणी खेळलेल्या माणसाची बोटं पसरलेली असतात. हे त्यांनी आमच्या पेठेतल्या चाळीस जणांचे पाय मोजून ठरवलं होतं. सोल चवड्याखाली वाकायचा, मध्येच नाही.

माझ्या डाव्या पायाला दहा पावलांत कळलं की असा बूट आपण आजवर घातलेला नाही. सरळ पळताना पायात काही आहे याचा विसर पडत होता, आणि वळताना मात्र तो जमीन सोडत नव्हता.

उजव्या पायाला दुसरंच काहीतरी कळत होतं.

"डावा?" व्हटकरांनी विचारलं.

"चांगला आहे."

"उजवा?"

"टाचेत जरा सैल वाटतोय."

त्यांनी ते लिहून घेतलं.

उजवा बूट सैल नव्हता. डिसेंबरात एका सामन्यात माझा उजवा घोटा आत वळला होता. पेठेतल्या हाडवैद्यानं चोळून बांधून दिला आणि मी सगळ्यांना सांगितलं, लचकला होता, बरा झाला. मग एक दिवस कुणाला न सांगता सांगलीला जाऊन एका डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा बंध, लिगामेंट, अर्धा फाटलाय, सहा महिने मैदानाकडं फिरकायचं नाही.

माझ्याकडं सहा महिने नव्हते. वीस मार्चला पुण्यात एका सरकारी खात्याच्या संघाची निवड होती. खेळाडूंच्या जागेवर कायमची नोकरी. वयाची अट पंचवीसची, आणि एप्रिलमध्ये मला पंचवीस पूर्ण होत होती. माझं नाव आमच्या तालमीचे, म्हणजे मी ज्या फुटबॉल संघातून खेळायचो त्याचे, सेक्रेटरी दिनकरतात्या साळोखे यांनी पाठवलं होतं. निवड करणारे प्रशिक्षक त्यांच्या जुन्या ओळखीचे. फाटक्या घोट्याचा खेळाडू तात्यांनी मेले तरी पाठवला नसता.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत मगदूमांचा रबराचा कारखाना होता. स्लिपरचे सोल आणि पंपाचे वायसर करता करता त्यांच्या मनात आलं, कोल्हापुरात एवढा फुटबॉल चालतो तर बूट आपणच का करू नयेत. त्यासाठी त्यांनी एकनाथ व्हटकरांना जालंधरहून बोलावून आणलं. व्हटकर इथलेच, घराणं चपलांचं, पण सोळा वर्षं तिकडं खेळाच्या सामानाच्या कारखान्यांत नमुने करण्यात गेलेली. बूट घालून बघायला चांगला खेळाडू हवा म्हणून मगदूम तालमीत आले आणि तात्यांनी माझ्याकडं बोट केलं. नाही म्हणालो असतो तर का म्हणून विचारलं असतं.

मी होय म्हणालो.

दर मंगळवारी आणि शनिवारी सकाळी व्हटकर टेंपोतून यायचे. चाळिशी उलटलेले, सडसडीत, बोलण्याआधी एक क्षण थांबणारे. मी त्यांच्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान असेन, पण त्यांनी मला कधी अरेतुरे केलं नाही. मैदानावर येऊन बसले की दोन तास चहासुद्धा प्यायचे नाहीत. जाताना माझ्या पायातला जोड काढून घ्यायचे, मातीसकट कागदात गुंडाळायचे आणि घेऊन जायचे.

दुसऱ्या जोडाला त्यांनी उजवी टाच आवळून आणली. सैल म्हणायची सोय राहिली नाही. मी म्हटलं, आता घोट्याला घासतंय. तिसऱ्याला त्यांनी घोट्याभोवतीची कड वाढवली, आत मऊ कातडं लावलं. ते खरं तर बरं वाटलं, घोट्याला आधार आला. पण वळताना कळ यायची ती आलीच, आणि मी लंगडलेलं त्यांनी पाहिलं असणार असं वाटून मी म्हटलं, "स्टड बाहेरच्या बाजूला जास्त रुततायत."

व्हटकरांनी वहीवरून मान वर केली.

"डाव्याचे रुतत नाहीत?"

"नाही."

"दोन्ही एकाच मापाचे आहेत."

"माझे पायच वेगळे असतील."

"असतात," ते म्हणाले आणि वही मिटली.

चौथा जोड आला, पाचवा आला. उजव्या बुटाची कड उंच होत गेली, टाचेत कडक पत्ती आली. उजव्यासारखाच डावा दिसावा म्हणून डाव्यालाही तेच करावं लागलं. पहिला जोड हातात घेतला तर पाखरासारखा हलका लागायचा. पाचवा पायात घातला की वजन जाणवायचं. माझ्या उजव्या घोट्याला मात्र आता बरंच धकत होतं. मी सामने खेळत होतो, गोल करत होतो. मला कुणी काही विचारत नव्हतं.

फेब्रुवारी संपताना मगदूमांना धीर धरवेना. पाचव्या जोडावरून अख्ख्या संघाचे बूट कापा, असं त्यांनी सांगितलं. इंद्रजित घालतो तोच बूट, असं म्हणून त्यांना तो विकायचा होता. इंद्रजित म्हणजे मी. व्हटकर म्हणाले, अजून नको. का नको, हे त्यांनी सांगितलं नाही. मगदूम म्हणाले, "तुझं अजून नको दिवाळीपर्यंत चालंल, व्हटकर. मशीन माझं थांबलंय."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात शाहू स्टेडियमवर सामना होता. सांगली आणि बेळगावचे चार दुकानदार मगदूमांनी मुद्दाम बोलावून पॅव्हेलियनमध्ये बसवले होते. अकराही जण नव्या बुटात उतरले. विसाव्या मिनिटाला आमचा सेंटर हाफ बाहेर येऊन बूट काढून बसला. मोजा घोट्यापाशी लाल झाला होता. मध्यंतराला आणखी चौघांनी आपले जुने बूट चढवले. एक जण म्हणाला, पाय पाट्यावर बांधल्यागत वाटतोय. दोन शून्यानं हरलो. दुकानदार सामना संपायच्या आधीच उठून गेले.

दोन दिवसांनी मगदूमांनी कारखान्यात बोलावलं. त्यांच्या खोलीत आम्ही चौघंच होतो: मगदूम, दिनकरतात्या, व्हटकर आणि मी. टेबलावर पाचवा जोड ठेवला होता. व्हटकर दाराजवळच्या स्टुलावर बसले होते, मांडीवर वही आणि पायाशी एक कापडी पिशवी.

"आता करायचं काय?" मगदूम म्हणाले. "दहा म्हैनं झालं. साचं केलं, कातडं आणलं. सगळ्या गावात हसं."

"पोरांच्या पायाची सालं निघाली," तात्या म्हणाले. "पुढच्या सामन्याला कोण ह्यो बूट घालणार न्हाई, आधीच सांगतो."

"हा घालू नयेच," व्हटकर म्हणाले. "पहिला जोड बरोबर होता. पहिल्यावर परत जाऊ. साचा आहे, पंधरा दिवसांत अकरा जोड देतो."

मगदूम त्यांच्याकडं बघत राहिले. "पयला बरोबर हुता तर मग पाच का केलं?"

व्हटकर पायाशी ठेवलेल्या पिशवीकडं वाकले.

मगदूम माझ्याकडं वळले. "तू सांग रे. घालून पळालायस तू. पयला बूट बरोबर हुता काय?"

एवढाच प्रश्न होता. होय म्हणायचं होतं. पण होय म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता, मग दोन महिने तक्रारी कशाला करत होतास. आणि माझ्या शेजारी तात्या बसले होते. पुण्याला जायला दहा दिवस राहिले होते.

"नाही," मी म्हणालो. "पहिल्यापासूनच उजव्यात दोष होता."

मगदूमांनी हात टेबलावर पसरले. "बघ. खेळणारा माणूस सांगतोय."

व्हटकरांच्या मांडीवर वही होती, तारीखवार लिहिलेली. पण त्या खोलीत माझ्या शब्दाला त्या वहीपेक्षा जास्त वजन होतं. का होतं, ते तिथं बसलेल्या चौघांनाही ठाऊक होतं. मगदूमांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत कुणीच बोललं नाही. व्हटकर माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. मी पळत असताना बघायचे तसेच, नीट लक्ष देऊन. मी खिडकीतून बाहेर स्लिपरचे सोल भरलेली पोती बघत बसलो. चहा आला. आम्ही प्यायलो. कप खाली ठेवून मगदूम म्हणाले, "बास झालं मग. बंद करून टाकू."

व्हटकरांनी पिशवी उचलली आणि ते बाहेर गेले.

त्यानंतरच्या शनिवारी मी सवयीनं मैदानावर गेलो. व्हटकर येतील असं वाटलं नव्हतं. ते टेंपोतून नाही, पायी आले. हातात एक पुठ्ठ्याचा खोका होता.

"पुण्याला हे घालून जा," ते म्हणाले.

खोक्यात एक जोड होता. डावा हुबेहूब पहिल्या जोडातला. उजवाही बाहेरून तसाच दिसत होता, हलका, घोट्याची कड खाली. मी हात आत घातला तेव्हा बोटांना कातड्याचा एक पट्टा लागला. तळाच्या आतल्या बाजूनं निघून टाचेमागून घोट्यावर येणारा.

"तो मोज्यावरून बांधायचा आणि वर मोज्याची घडी ओढायची," व्हटकर म्हणाले. "बाहेरून कुणाला दिसत नाही. घट्ट बांधा, पण बोटं हलली पाहिजेत. सोल बाहेरच्या कडेला तीन मिलिमीटर उचललाय, त्यामुळं घोटा आत पडणार नाही. डावीकडं वळताना बिनधास्त वळा. उजवीकडं वळायचा प्रसंग आणू नका. शेवटची पंधरा मिनिटं दुखेल."

मी खोका हातात धरून उभा राहिलो.

"तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्या जोडाला. उजव्या सोलच्या बाहेरच्या कडेचे चार स्टड कोरे होते. माती लागलेली, पण झीज नाही. त्या कडेवर तुम्ही वजनच टाकत नव्हता." ते क्षणभर थांबले. "त्यानंतरचे जोड मी तुमच्या पायासाठीच करत होतो. विकायचा बूट पहिलाच होता. तुमचा डावा पाय खरं सांगत होता, माझं तेवढ्यावर भागत होतं. मगदूम घाई करतील असं वाटलं नव्हतं."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी विचारलं, "आता तुम्ही काय करणार?"

"बघू," ते म्हणाले. "पट्टा आज आणि उद्या बांधून पळून बघा. थेट तिथं जाऊन नको."

ते आले तसे पायी गेले.

पुण्याच्या मैदानावर हिरवळ होती. त्रेसष्ट जण आले होते, आठ घ्यायचे होते. मी पट्टा बांधला, त्यावर मोज्याची घडी ओढली. सत्तर मिनिटांत मी एकदाही उजवीकडं वळलो नाही. चेंडू आला की आत, डावीकडं वळायचो आणि डाव्या पायानं मारायचो. दोन गोल झाले, एक बारला लागला. मी राइट आउट, म्हणजे उजव्या कडेचा आघाडीचा खेळाडू; राइट आउटनं कडेनं पळून चेंडू मध्ये टाकायचा, असंच तोवर सगळे खेळत होते. प्रशिक्षक तात्यांना नंतर म्हणाले म्हणे, तुमचा पोरगा आत वळतो, हे नवीन आहे, हे कुणी शिकवलं. शेवटच्या पंधरा मिनिटांत दुखलं. यादीत माझं नाव पाचवं होतं.

मे महिन्यात रुजू व्हायला जाण्याआधी मी शिरोलीला गेलो. व्हटकर जालंधरला परत गेले होते. साचे मगदूमांनी भंगारात दिले होते. मी त्यांना खरं काय ते सांगितलं. माझा घोटा, सांगलीचे डॉक्टर, पहिला जोड, सगळं. मगदूम ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "मग आता मला कशाला सांगतोयस? नोकरी लागली म्हणून?"

तेच खरं होतं.

खात्याच्या संघाकडून मी चार हंगाम खेळलो. पाचव्या वर्षी घोटा संपला, नोकरी राहिली. बढत्या मिळत गेल्या. लग्न झालं, दोन मुली झाल्या. पुण्यातच घर झालं. ते दिवस फारसे आठवायचे नाहीत, असं मी म्हणू शकतो, आणि ते बरंचसं खरं आहे. दरम्यान तळाला भरपूर आखूड स्टड असलेले, टणक मैदानांसाठीचे बूट परदेशी कंपन्यांनी बाजारात आणले. आमच्या संघातली पोरं तेच घालू लागली. एकदा एका पोराचा बूट हातात घेऊन मी तळ बघत बसलो, तेव्हा तो म्हणाला, साहेब, घालून बघायचाय का. मी नको म्हटलं.

दोन हजार नऊ साली, म्हणजे वीसेक वर्षांनी, खात्याच्या संघाचा व्यवस्थापक म्हणून मी जालंधरला गेलो. स्पर्धा आठवडाभर होती. तिसऱ्या दिवशी सामना नव्हता. खेळाच्या सामानाच्या कारखान्यांची वस्ती शहराच्या एका अंगाला आहे. मी चार ठिकाणी विचारलं. महाराष्ट्रातले व्हटकरजी म्हटल्यावर पाचव्या ठिकाणी एका माणसानं गल्लीच्या टोकाचं दार दाखवलं.

खोली लहान होती. भिंतीला, बूट ज्यांवर चढवून शिवतात ते लाकडी पाय टांगलेले, प्रत्येकावर खडूनं आकडे. व्हटकर खिडकीजवळ बसून एका सोलला कानशीनं कड देत होते. केस पांढरे झाले होते, चष्मा आला होता. मी नाव सांगायच्या आधी त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं.

"साळोखे तात्यांचे तुम्ही," ते म्हणाले. "इंद्रजित."

मी स्टुलावर बसलो. त्यांनी तात्यांची चौकशी केली, ते वारले असं मी सांगितलं. मगदूमांचा कारखाना आता मुलगा चालवतो हेही सांगितलं. त्यांनी मान हलवली. कानस चालूच होती. दहा मिनिटं अशीच गेली. मग मी जे विचारायला आलो होतो ते विचारलं.

"त्या दिवशी तुम्ही का बोलला नाहीत? वही होती. पिशवीत माझ्या उजव्या बुटांचे सोल असणार, हे माझ्या नंतर लक्षात आलं. नुसते टेबलावर ठेवले असते तरी चाललं असतं."

व्हटकरांनी कानस खाली ठेवली. चष्मा काढून कपाळावर सरकवला.

"ठेवणार होतो," ते म्हणाले. "म्हणूनच आणले होते. मग मगदूमांनी तुम्हाला विचारलं. तुम्ही नाही म्हणालात. मला वाटलं, चुकून बोलून गेला, आता स्वतःच सांगेल. चहा येईपर्यंत सांगेल. चहा आला, तेव्हा वाटलं, पिऊन झाल्यावर सांगेल. मी वाट बघत होतो."

गल्लीतून एक सायकल गेली. बाहेर कुणीतरी पंजाबीत कुणाला तरी हाक मारत होतं.

"आणि तो जोड?" मी म्हणालो. "एवढं होऊनसुद्धा तो माझ्यासाठी का केलात?"

"नंतर नाही केला," व्हटकर म्हणाले. "तो बैठकीच्या आदल्या रात्रीच पुरा झाला होता. सोलांबरोबर पिशवीत होता. बैठक संपल्यावर तुम्हाला द्यायचा म्हणून आणला होता."

मी माझ्या उजव्या पायाकडं बघितलं.

"मग चार दिवस घरी पडून होता," ते म्हणाले. "तुमच्या पायाचा होता. दुसऱ्या कुणाला उपयोग नव्हता."

त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला आणि सोल उचलला. मी आणखी थोडा वेळ बसलो. त्यांनी मला थांबा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मी उठलो तेव्हा ते गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले. एक रिक्षा थांबवून मला कुठं सोडायचं ते चालकाला नीट समजावून सांगितलं, कारण ती भाषा मला येत नव्हती. रिक्षा वळली तेव्हा मी मागं बघितलं. ते आत गेले होते.